हार्वे फ्लेचर

हार्वे फ्लेचर (जन्म : ११ सप्टेंबर १८८४, प्रोव्हो, युटा, मृत्यू : २३ जुलै १९८१, प्रोव्हो, युटा) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. मानवी कानाला ध्वनी कसा जाणवतो याचे पद्धतशीर मापन करणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. टेलिफोन, ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि घरगुती संगीत-यंत्रणा यांचा दर्जा आकड्यांत कसा मांडावा, या प्रश्नाची आज रूढ असलेली अनेक उत्तरे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेली आहेत. डब्ल्यू. ए. मन्सन यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले समप्रबलता वक्र 'फ्लेचर-मन्सन वक्र' या नावाने ओळखले जातात. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या तेलथेंब प्रयोगातही त्यांचा मोठा वाटा होता. मात्र तो प्रयोग रॉबर्ट मिलिकन यांच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध आहे.

बालपण आणि शिक्षण

फ्लेचर यांचा जन्म युटामधील प्रोव्हो या गावी मॉर्मन पंथीय कुटुंबात झाला. शालेय व महाविद्यालयीन शिक्षण गावातच, ब्रिगहम यंग विद्यापीठ या नावाने पुढे वाढलेल्या संस्थेत झाले. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच अभ्यासक्रमात ते नापास झाले होते. तोच अभ्यासक्रम पुन्हा घेऊन त्यांनी त्यात उत्तम गुण मिळवले आणि विषयाची गोडी लागली ती कायमची. १९०७ मध्ये पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी तेथेच अध्यापन केले. १९०८ मध्ये लोरेना चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर हे दांपत्य उच्च शिक्षणासाठी शिकागोला गेले.

शिकागो विद्यापीठाने त्यांची पदवी पूर्ण ग्राह्य धरली नाही. डोंगराळ पश्चिमेतील एका लहान धार्मिक संस्थेची पदवी पीएच.डी.च्या प्रवेशास पुरेशी नाही, अशी भूमिका घेण्यात आली. पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा करण्यात वर्षे घालवणे फ्लेचर यांना परवडणारे नव्हते. तेव्हा प्राध्यापक वर्गातील रॉबर्ट मिलिकन यांनी मध्यस्थी करून त्यांना विशेष विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळवून दिला. त्या वर्षात फ्लेचर यांनी आपली पात्रता सिद्ध केली आणि प्रवेशाचा प्रश्न मिटला. पुढे या दोघांत जे घडले ते समजून घेताना हे ऋण लक्षात ठेवावे लागते.

तेलथेंबाचा प्रयोग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्युतभार लहान, अविभाज्य आणि समान कणांचा बनलेला असतो की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. मिलिकन आणि त्यांचे सहकारी लुई बेगमन विद्युतभारित जलबिंदूंचे निरीक्षण करून हा भार मोजण्याचा प्रयत्न करीत होते. दोन समांतर धातूच्या तबकड्यांमध्ये विद्युतदाब लावायचा, भारित थेंब खाली पडण्याऐवजी मध्येच तोलला जातो का ते पाहायचे आणि त्यावरून भार काढायचा, अशी ही पद्धत होती. अडचण अशी की पाण्याचा सूक्ष्म थेंब दिव्याच्या उष्णतेने काही सेकंदांतच उडून जाई.

पाण्याऐवजी लवकर न उडणारा द्रव वापरावा, ही कल्पना प्रथम कोणाची, यावर दोन वेगळ्या हकिकती उपलब्ध आहेत. १९०९ च्या उन्हाळ्यात विनिपेग येथील परिषदेहून आगगाडीने परतताना आपल्याला ती सुचली, असे मिलिकन यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. फ्लेचर यांच्या स्मरणानुसार मिलिकन, बेगमन आणि ते स्वतः यांच्या चर्चेत पारा, तेल यांसारख्या द्रवांचा विषय निघाला आणि हेच काम त्यांनी प्रबंधासाठी घ्यावे असे ठरले. त्यानंतरच्या घटनांविषयी मात्र फ्लेचर यांचे वर्णन तपशीलवार आहे. त्यांनी बाजारातून अत्तर उडवण्याची फवारणी आणि घड्याळात घालण्याचे तेल विकत आणले, दोन पितळी तबकड्या घेतल्या, वरच्या तबकडीला बारीक छिद्र पाडले आणि बाजूने प्रखर दिव्याचा झोत सोडला. दुर्बिणीतून पाहताच तेलाचे थेंब अंधाऱ्या आकाशातील ताऱ्यांसारखे चमकताना दिसले. लहान थेंब हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत थरथरत होते. बॅटरीचा दाब जोडताच काही थेंब वर चढू लागले, काही अधिक वेगाने खाली गेले. मिलिकन यांनी हे पाहिले आणि पुढील बराच काळ दोघांनी दररोज दुपारी एकत्र काम करून यंत्रणा सुधारली व मोजमापे घेतली.

या कामातून पाच शोधनिबंध निघणार होते. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निबंध इलेक्ट्रॉनच्या भाराविषयी होता. तो दोघांच्या नावाने प्रसिद्ध होईल अशी फ्लेचर यांची समजूत होती. परंतु विद्यापीठाच्या नियमानुसार प्रसिद्ध झालेला निबंध प्रबंध म्हणून सादर करायचा असेल तर त्यावर विद्यार्थ्याचे एकट्याचेच नाव असणे आवश्यक होते. फ्लेचर यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, एके दिवशी मिलिकन त्यांच्या घरी आले आणि त्यांनी विभागणी सुचवली : पहिला निबंध मिलिकन यांच्या नावाने जाईल, तर ब्राऊनीय गतीविषयीचा निबंध फ्लेचर यांच्या नावाने प्रसिद्ध होऊन तोच प्रबंध ठरेल. घरात तान्हे मूल होते, पदवी जवळ आली होती आणि समोर बसलेल्या प्राध्यापकांमुळेच विद्यापीठाचे दार उघडले होते. फ्लेचर यांनी मान्यता दिली. १९१० मध्ये मिलिकन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात फ्लेचर यांच्या साहाय्याचा उल्लेख आहे, लेखक म्हणून नाव नाही. १९११ मध्ये फ्लेचर यांना पीएच.डी. मिळाली. शिकागोच्या भौतिकशास्त्र विभागात सर्वोच्च सन्मानासह ही पदवी मिळवणारे ते पहिले विद्यार्थी होते. १९२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिलिकन यांना मिळाले, ते इलेक्ट्रॉनचा भार आणि प्रकाशविद्युत परिणाम यांवरील कामासाठी.

फ्लेचर यांनी हयातीत याविषयी जाहीर तक्रार केली नाही. दोघांचे संबंध अखेरपर्यंत सौहार्दाचे राहिले. संपूर्ण हकिकत त्यांनी लिहून ठेवली, ती आपल्या मृत्यूनंतरच छापली जावी या इच्छेने एका सहकाऱ्याकडे सोपवली, आणि जून १९८२ मध्ये ती 'फिजिक्स टुडे' या मासिकात प्रसिद्ध झाली. आरंभी आपल्याला निराशा वाटली, पण मिलिकन यांनी केलेले उपकार त्याहून मोठे होते, असा त्या लेखनाचा एकंदर सूर आहे. ही हकिकत पन्नासहून अधिक वर्षांनी स्मरणातून लिहिलेली असल्याने तिच्या तपशिलांकडे इतिहासकार सावधपणे पाहतात. ब्राऊनीय गतीचा निबंधही दुय्यम नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. वायूतील सूक्ष्म थेंबांच्या थरथरीवरून रेणूंचे अस्तित्व पडताळून पाहणारे ते महत्त्वाचे काम होते. तरीही पाठ्यपुस्तकांत तेलथेंबाचा प्रयोग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला फ्लेचर हे नाव क्वचितच भेटते.

बेल प्रयोगशाळेत

पदवीनंतर फ्लेचर प्रोव्होला परतले आणि ब्रिगहम यंग विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. अमेरिकेच्या टेलिफोन व्यवसायातील संशोधनाची सूत्रे हाती असलेले फ्रँक ज्युएट हे मिलिकन यांचे स्नेही होते. ते फ्लेचर यांना दरवर्षी न्यू यॉर्कला येण्याचे निमंत्रण पाठवीत राहिले. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, फ्लेचर यांनी ते स्वीकारले आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. १९२५ मध्ये या विभागातूनच बेल टेलिफोन प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे ते आधी ध्वनिसंशोधनाचे आणि १९३३ पासून भौतिक संशोधनाचे संचालक होते.

त्यांच्यापुढील प्रश्न वरवर साधा होता : टेलिफोन चांगला आहे म्हणजे काय? तारेतून किती विद्युतप्रवाह गेला हे मीटर सांगू शकत होते, पण पलीकडच्या माणसाला बोलणे समजले का, हे मीटर सांगत नव्हते. व्यवसायाचे सारे यश त्यावरच अवलंबून होते. फ्लेचर यांनी ठरवले की यंत्राची परीक्षा घ्यायची तर प्रथम बोलणे आणि ऐकणे या दोन टोकांचे मोजमाप व्हायला हवे. पुढची तीन दशके त्यांनी याच कामाला दिली.

उच्चार-बोधाच्या चाचण्या

बोलणे किती समजते हे मोजण्यासाठी निरर्थक अक्षरसमूह वापरण्याची पद्धत बेल व्यवस्थेत आधीपासून होती. फ्लेचर आणि जे. सी. स्टाइनबर्ग यांनी तिला काटेकोर रूप दिले. वाचक ठरावीक याद्यांतील व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेचे उच्चार यंत्रापुढे म्हणत असे आणि दुसऱ्या टोकाचे श्रोते ऐकू आले ते लिहून काढीत. अर्थपूर्ण शब्द मुद्दाम टाळले जात, कारण ओळखीच्या शब्दातील न ऐकू आलेला भाग श्रोता अंदाजाने भरून काढतो आणि मग यंत्राची नव्हे, श्रोत्याच्या हुशारीची परीक्षा होते. बरोबर लिहिलेल्या उच्चारांची टक्केवारी हे यंत्राचे गुणांकन ठरे.

या चाचण्या विद्युत गाळण्या लावून पुन्हा पुन्हा घेण्यात आल्या आणि अनपेक्षित निष्कर्ष पुढे आला. ५०० हर्ट्झच्या खालचे सर्व ध्वनी काढून टाकले तर बोलण्यातील सुमारे ६० टक्के ऊर्जा नाहीशी होते, पण समजण्यात अवघी सुमारे २ टक्के घट होते. उलट १५०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी काढले तर ऊर्जा जेमतेम १० टक्क्यांनी कमी होते आणि बोध मात्र सुमारे ३५ टक्क्यांनी घसरतो. आवाजाचे बळ खालच्या सप्तकात असते आणि त्याचा अर्थ वरच्या भागात, असे यातून स्पष्ट झाले. सर्वाधिक शक्ती वाहून नेणारे यंत्र सर्वाधिक स्पष्ट असेलच असे नाही, हे तत्त्व टेलिफोनपुरते मर्यादित राहिले नाही. सभागृहातील लाउडस्पीकर, श्रवणयंत्रे आणि रेडिओ यांच्या रचनेतही ते उतरले. वेगवेगळ्या वारंवारता-पट्ट्यांचा बोधातील वाटा बेरजेने मांडणारा 'उच्चार-बोध निर्देशांक' याच कामातून विकसित झाला.

संगीतासाठीही अशीच परीक्षा प्रयोगशाळेत झाली. डब्ल्यू. बी. स्नो यांनी १९३१ मध्ये निरनिराळी वाद्ये गाळणीसह व गाळणीविना ऐकवून श्रोत्यांना फरक कळतो का ते तपासले. वाद्यवृंद हुबेहूब ऐकवण्यासाठी श्राव्य पट्ट्याचा जवळजवळ सगळा विस्तार लागतो, असे त्यावरून दिसले. त्या काळचे रेडिओ आणि ग्रामोफोन यापासून फार दूर होते. यंत्राचा प्रतिसाद अमुक हर्ट्झपासून तमुक हर्ट्झपर्यंत आहे, असे आज प्रत्येक लाउडस्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेले असते. त्या आकड्यांपैकी कोणते महत्त्वाचे, हे ठरवण्याचा आधार अशा श्रवणचाचण्यांनी दिला.

ऑडिओमीटर आणि श्रवणयंत्र

प्रत्येक वारंवारतेचा किती क्षीण ध्वनी निरोगी कानाला जेमतेम ऐकू येतो, म्हणजेच श्राव्यतेचा उंबरठा कोठे आहे, हे फ्लेचर आणि आर. एल. वेगेल यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी मोजले. या मोजणीतून वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ऑडिओमीटर तयार झाले. तोपर्यंत कानाचे वैद्य घड्याळाची टिकटिक किंवा कंपनकाट्याचा स्वर किती अंतरावरून ऐकू येतो, यावर बहिरेपणाचा अंदाज बांधत असत. आता श्रवणदोष डेसिबलमध्ये, वारंवारतेनुसार, आलेखावर मांडता येऊ लागला. डेसिबल हे एककही बेल व्यवस्थेच्या अभियंत्यांनीच १९२०च्या दशकात घडवले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून आलेल्या 'बेल' या एककाचा तो दहावा भाग होय.

शाळेतील मुलांसाठी ग्रामोफोनवर चालणारे सामूहिक ऑडिओमीटर बनवण्यात आले. सुमारे चाळीस मुले एकाच वेळी कानाला श्रवणिका लावून बसत. तबकडीवरील आवाज आकडे उच्चारी आणि प्रत्येक टप्प्यावर तो अधिकाधिक क्षीण होत जाई. मुलांनी फक्त ऐकू आलेले आकडे कागदावर लिहायचे. ज्या मुलाचे आकडे लवकर थांबत, त्याच्या कानाची पुढील तपासणी केली जाई. वर्गात मंद किंवा दुर्लक्ष करणारी समजली गेलेली काही मुले प्रत्यक्षात कमी ऐकत होती, ही गोष्ट अशा तपासण्यांमुळे उघड होऊ लागली.

निर्वात नळीवर चालणारी आरंभीची श्रवणयंत्रेही फ्लेचर यांच्या देखरेखीखाली घडली. फोनोग्राफचे जनक थॉमस एडिसन स्वतः तरुणपणापासून कमी ऐकत. त्यांच्यासाठीही फ्लेचर यांनी असे साधन तयार केले होते. घशाची शस्त्रक्रिया होऊन स्वरयंत्र गमावलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम स्वरयंत्राच्या विकासातही त्यांचा सहभाग होता. १९२९ मध्ये त्यांचा 'स्पीच अँड हिअरिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्रातील विद्यार्थ्यांचा तो दीर्घकाळ आधारग्रंथ ठरला. सुधारित व विस्तारित आवृत्ती १९५३ मध्ये निघाली.

फ्लेचर-मन्सन वक्र

ध्वनीची भौतिक तीव्रता आणि तो कानाला जाणवणारा मोठेपणा, म्हणजे प्रबलता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच तीव्रतेचे दोन शुद्ध स्वर, एक खर्जातला आणि एक मध्यातला, सारखे मोठे वाटत नाहीत. मंद पातळीवर खर्जाचा स्वर कदाचित ऐकूही येत नाही. बेल प्रयोगशाळेतील बी. ए. किंग्सबरी यांनी १९२७ मध्ये याची मोजणी केली होती. फ्लेचर आणि मन्सन यांनी ती अधिक काटेकोरपणे व श्रवणाच्या संपूर्ण विस्तारात केली, आणि १९३३ मध्ये अमेरिकन ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले.

पद्धत चिकाटीची परीक्षा पाहणारी होती. श्रोत्याच्या कानाला श्रवणिका लावून १००० हर्ट्झचा संदर्भस्वर आणि तपासायचा स्वर आळीपाळीने ऐकवला जाई. कोणता मोठा वाटला एवढेच त्याने सांगायचे. पातळी बदलत बदलत दोन्ही सारखे वाटण्याचा बिंदू शोधला जाई. असे अनेक श्रोते, अनेक वारंवारता आणि उंबरठ्यापासून कान दुखू लागेपर्यंतच्या पातळ्या घेऊन बिंदू जमवले आणि ते जोडून वक्र काढले. एका वक्रावरील सर्व स्वर कानाला सारखेच मोठे वाटतात. १००० हर्ट्झला ४० डेसिबल असलेल्या स्वराइतका मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला ६० डेसिबलहून अधिक पातळी लागते. आवाज वाढत जातो तसे हे वक्र सपाट होतात. १०० डेसिबलच्या आसपास खर्ज आणि मध्य यांच्यातील तफावत बरीचशी मिटते. ३००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात वक्र खाली झुकतात, कारण कर्णनलिकेतील अनुनादामुळे कान तेथे सर्वाधिक संवेदनशील असतो. प्रबलतेच्या पातळीसाठी 'फॉन' हे एकक रूढ झाले : १००० हर्ट्झच्या समप्रबल स्वराची डेसिबल पातळी म्हणजे त्या ध्वनीचे फॉन.

घरी संगीत ऐकणाऱ्यांना या वक्रांचा अनुभव रोजचा आहे. मोठ्याने लावलेली ध्वनिमुद्रिका भरदार वाटते आणि रात्री आवाज कमी केला की तबल्याचा डग्गा किंवा बास गिटार जणू निघून जातो. यंत्र बिघडलेले नसते. कानच वक्राच्या अधिक तीव्र उतारावर आलेला असतो. जुन्या घरगुती अँप्लिफायरवरील 'लाउडनेस' हे बटण मंद आवाजात खर्ज वाढवून हीच उणीव भरून काढण्यासाठी असे. ते किती प्रमाणात वाढवायचे हे मात्र लाउडस्पीकरची कार्यक्षमता, खोली आणि मूळ मुद्रणाची पातळी यांवर अवलंबून असल्याने बहुतेक बटणांचा नेम चुकत असे. दोन यंत्रांची तुलना करताना त्यांचा आवाज आधी मोजून समान करावा लागतो, यामागेही हेच कारण आहे. किंचित मोठ्याने वाजणाऱ्या यंत्राचा खर्ज अधिक भरीव वाटतो आणि ऐकणारा त्याला सहज उत्तम ठरवतो.

ध्वनिपातळी मोजणाऱ्या मीटरमध्येही हे वक्र शिरले. १९३६ च्या अमेरिकन मानकात मीटरसाठी ठरवलेला 'ए' भार ४० फॉनच्या वक्रावर बेतलेला होता. तो शांत पातळीच्या ध्वनींसाठी योजला होता. पुढे रस्त्यावरील वाहतुकीपासून कारखान्यांपर्यंत जवळजवळ सर्वच गोंगाट त्याच भारात मोजण्याची प्रथा पडली, जी मूळ वक्रांशी सुसंगत म्हणता येत नाही. अँप्लिफायरच्या माहितीपत्रकातील संकेत-गोंगाट गुणोत्तरही अनेकदा 'ए' भारात दिले जाते. त्यात विद्युतपुरवठ्याची खालच्या पट्टीतील गुणगुण कमी मोजली जाते आणि आकडा आकर्षक दिसतो.

१९५६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी लाउडस्पीकर वापरून हे वक्र पुन्हा मोजले आणि ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. २००३ मध्ये अनेक देशांतील नव्या मोजणीवर आधारित सुधारित मानक निघाले, तेव्हा खालच्या पट्टीत रॉबिन्सन-डॅडसन यांच्यापेक्षा फ्लेचर-मन्सन यांचे जुने आकडे नव्या मूल्यांच्या अधिक जवळ असल्याचे आढळले. ध्वनिमुद्रण व्यवसायात आजही कोणत्याही समप्रबलता वक्राला सर्रास फ्लेचर-मन्सन वक्र म्हटले जाते.

त्रिमार्गी ध्वनी आणि स्टोकोव्स्की

फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात मोठा रस होता. त्यांच्या सहकार्याने बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियाच्या संगीतगृहात प्रयोग सुरू केले. फ्लेचर यांची मूळ कल्पना अशी होती : रंगमंचासमोर असंख्य मायक्रोफोनांचा पडदा उभारला आणि दुसऱ्या सभागृहात तितक्याच लाउडस्पीकरांचा तसाच पडदा उभारला, तर श्रोत्यांना वाद्यवृंद समोर बसल्याचाच भास होईल. प्रत्यक्षात तीन मायक्रोफोन आणि तीन लाउडस्पीकर यांनीही हा भास बराचसा साधतो, असे चाचण्यांत दिसले.

२७ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या विद्यमाने याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. वाद्यवृंद फिलाडेल्फियात होता आणि त्याचे संचालन अलेक्झांडर स्मॉलेन्स करीत होते. श्रोते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये होते, आणि स्टोकोव्स्की त्याच सभागृहात नियंत्रणफलकापाशी बसून तिन्ही मार्गांची पातळी सांभाळत होते. दोन्ही शहरे टेलिफोनच्या तारांनी जोडलेली होती आणि यंत्रणा ४० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी वाहून नेत होती. संगीताआधी काही लहान प्रयोग झाले : रंगमंचाच्या एका बाजूला सुतारकाम करणाऱ्या माणसाची हातोडी, दुसऱ्या बाजूने त्याला येणारे उत्तर, गात गात रंगमंचावरून चालत जाणारी गायिका. वॉशिंग्टनच्या रिकाम्या रंगमंचावर पडद्याआड केवळ तीन लाउडस्पीकर आहेत, हे ठाऊक असूनही श्रोत्यांची नजर आवाजामागे फिरत राहिली.

एप्रिल १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये चित्रपटाच्या फितीवर मुद्रित केलेल्या त्रिमार्गी ध्वनीचे प्रात्यक्षिक झाले. या कामामुळे फ्लेचर यांना काही ठिकाणी स्टिरिओ ध्वनीचे जनक म्हटले जाते. हे बिरुद त्यांना एकट्याला देणे योग्य ठरत नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्येच द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि घरोघरी पोहोचलेली स्टिरिओ तबकडी ज्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन मार्ग मुद्रित करते, ती पद्धत त्या पेटंटात वर्णिलेली आहे. फ्लेचर यांचा मार्ग सभागृहाकडे आणि चित्रपटगृहाकडे जाणारा होता. मधला लाउडस्पीकर चित्रपटगृहांत टिकला, घरात मात्र दोनच लाउडस्पीकर रूढ झाले.

मास्किंग आणि क्रांतिक पट्टे

एका ध्वनीमुळे दुसरा झाकला जाणे, म्हणजे मास्किंग, याचाही फ्लेचर यांनी दीर्घ अभ्यास केला. १९४० मध्ये त्यांनी दाखवले की एखादा शुद्ध स्वर गोंगाटात बुडतो तेव्हा त्या स्वराच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातील गोंगाटच त्याला झाकतो, दूरचा नाही. कान जणू शेजारी शेजारी ठेवलेल्या गाळण्यांचा संच आहे, अशी ही मांडणी होती. या पट्ट्यांना 'क्रांतिक पट्टे' म्हणतात. अँप्लिफायरच्या विरूपणाचा कोणता भाग ऐकू येईल आणि कोणता संगीताखाली दडेल, याचा विचार यावर आधारलेला असतो. एमपी३ सारख्या पद्धती झाकले जाणारे ध्वनी वगळूनच फाइलचा आकार कमी करतात.

उत्तरायुष्य

१९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन फ्लेचर यांनी कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे अध्यापन केले. १९५२ मध्ये ते प्रोव्होला परतले आणि ब्रिगहम यंग विद्यापीठात संशोधन संचालक, तसेच भौतिक व अभियांत्रिकी विज्ञान महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. अधिष्ठातापद सोडल्यावर, वयाच्या पंचाहत्तरीच्या पुढे, ते पुन्हा प्रयोगांकडे वळले.

आता विषय होता वाद्यांचा नाद. पियानो, ऑर्गन आणि व्हायोलिन यांच्या स्वरांचे विश्लेषण करून त्यांनी तेच स्वर विद्युत आंदोलकांच्या साहाय्याने कृत्रिमरीत्या जुळवले. मग खरे आणि कृत्रिम स्वर मिसळून संगीतकार व सामान्य श्रोते यांना ऐकवले आणि ओळखायला सांगितले. टेलिफोनसाठी पन्नास वर्षांपूर्वी आखलेलीच ही परीक्षा होती, फक्त विषय बदलला होता. पियानोवरील १९६२ च्या निबंधात असे दिसले की स्वरातील उपस्वर मूळ वारंवारतेच्या अचूक पटीत ठेवले तर खालच्या पट्टीतील कृत्रिम स्वर कोरडा वाटतो. खऱ्या तारेच्या ताठपणामुळे उपस्वर किंचित चढे असतात, आणि ही विसंगती कृत्रिम स्वरात घातली की त्याला पियानोची ऊब येते. असे जुळवलेले स्वर खऱ्यांपासून वेगळे काढणे श्रोत्यांना कठीण गेले.

वैयक्तिक जीवन आणि सन्मान

फ्लेचर आयुष्यभर मॉर्मन चर्चचे सक्रिय सदस्य होते आणि न्यू यॉर्कमधील वास्तव्यात त्यांनी तेथील चर्चच्या कामाची जबाबदारीही सांभाळली. लोरेना यांना १९६५ मध्ये अमेरिकेतील 'वर्षातील आदर्श माता' हा सन्मान मिळाला. त्यांच्या निधनानंतर फ्लेचर यांनी त्यांची बहीण फर्न यांच्याशी विवाह केला. फर्न या सभागृहातील निनादकालाच्या सूत्रासाठी प्रसिद्ध असलेले ध्वनिशास्त्रज्ञ कार्ल आयरिंग यांच्या पत्नी होत्या. फ्लेचर यांचे पुत्र जेम्स फ्लेचर हे दोन वेळा 'नासा'चे प्रशासक होते.

डिसेंबर १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेत भरलेल्या सुमारे चाळीस शास्त्रज्ञांच्या बैठकीतून अमेरिकन ध्वनिशास्त्र संस्थेची स्थापना झाली. फ्लेचर तिचे पहिले अध्यक्ष होते. १९४९ मध्ये संस्थेने त्यांना मानद फेलो निवडले. हा मान त्याआधी केवळ एडिसन यांना मिळाला होता. १९३५ मध्ये ते राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि १९४५ मध्ये अमेरिकन भौतिकी संस्थेचे अध्यक्ष. २३ जुलै १९८१ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी प्रोव्हो येथे त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.